ढगाखालचं कडं

ताई, कावळा लगेच शिवला.

इतका लगेच, की गुरुजी पिंडापासून नीट बाजूलाही झाले नव्हते. रामकुंडावर आमच्या शेजारी एक मोठं कुटुंब सकाळपासून तिष्ठत उभं होतं. त्यांचे आजोबा काही केल्या शिवेनात. "दुकान विकणार नाही हो", "धाकटीचं लग्न थाटात करू हो", अशा सगळ्या कबुल्या देऊन झाल्या. शेवटी एक सून पुढे येऊन म्हणाली, "मामंजी, तुमच्या खाटेवर कोणी बसणार नाही." कावळे आपले कठड्यावर बसून सगळं ऐकत होते. आणि तुझा पिंड ठेवला नाही तोच एक खाली उतरला, चोच मारली, उडून गेला. मामा म्हणाला, "पुण्यवान बाई. मागं काही ठेवलं नाही."

सगळ्यांना बरं वाटलं, मला राग आला. एक तर मी कबुल्या पाठ करून आलो होतो, त्या वाया गेल्या. दुसरं म्हणजे, मागं काही ठेवलं नाही म्हणजे काय? माझ्याशी चाललेलं भांडण अर्ध्यात सोडून गेलीस ते? आईला सांगायचं की नाही, हे कुठे ठरलं होतं आपलं? एवढं मनात अडकलेलं असताना कावळा शिवतो कसा? कावळ्याचा अंदाज चुकला, किंवा माझा. आपल्या घराण्यात अंदाज चुकण्याचा इतिहास आहेच.

आपल्या घरात वेधशाळा आहे, असं आप्पा मखमलाबादच्या सगळ्या मळ्यांतून सांगत फिरायचे. तू पुण्याला हवामानाच्या कचेरीत लागलीस आणि आपला फोन गावाचा झाला. बेदाणा उन्हात पसरू का? मांडव कापडाचा घालू की पत्र्याचा? झेंडू आज तोडू की उद्या? तू म्हणायचीस, "अहो काका, मी अरबी समुद्राकडे बघते. तुमचा मांडव मला इथून दिसत नाही." पण उत्तर द्यायचीस. आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं, ही खरी गोची. रेडिओवर लोक शंका घ्यायचे. तुझ्यावर कोणी घेतली नाही.

मी तुझी विद्या लग्नाकार्यांतून वाटायचो. पंगत बसली की मला कोणीतरी डिवचायचंच, "श्रीधरराव, ते वादळाच्या डोळ्याचं सांगा." मग मी हात गोल फिरवत सुरू. चक्रीवादळाच्या पोटात डोळा असतो, तिथे वारा नाही, ढग नाही, वर निळं आकाश, आणि भोवती ढगांची उभी भिंत. डोळा म्हणजे पोकळ, आत काहीच नाही! असं मी म्हटलं, की पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून तुझा आवाज यायचा, "शिऱ्या, आत काही नाही कसं? सगळं तिथेच तर आहे."

मग तू समजावायचीस, आणि वाढपी जिलबी घेऊन खोळंबायचे. भिंतीतून दमट हवा वर चढते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, त्यातून ऊब सुटते. मधोमध थोडी हवा खाली उतरते आणि उतरता उतरता आणखी तापते. म्हणजे वादळाचं काळीज भोवतीपेक्षा गरम. जितकं गरम तितका तिथला दाब कमी, आणि दाब जितका कमी तितकी बाहेरची हवा जोरात आत धावते. मी म्हणायचो, "म्हणजे आपला पाणी तापवायचा बंब! मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी." तू म्हणायचीस, "अर्धं बरोबर." माझ्या उपमांना तुझ्याकडून कायम अर्धेच गुण मिळाले. एकदा मी फुगडीची दिली, पाय जवळ आले की गरगर वाढते ती. त्यालाही अर्धेच. फुगडीवर तुझी माया होती म्हणून पाव जास्त देते म्हणालीस, पण दिला नाहीस.

पैकीच्या पैकी एकदाच दिलेस. मी सातपूरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य घालवलेला माणूस. तू सांगत होतीस की दोन वादळं असतात, दोघांच्या खालचा समुद्र सारखाच ऊन, वरचे वारे सारखेच. तरी एक चार दिवस नुसतं पसरट लोळत राहतं आणि दुसरं एका रात्रीत राक्षस होतं. का? सगळे समुद्राकडे बघतात, वरच्या वाऱ्यांकडे बघतात. तू म्हणायचीस, आत बघा. वादळ खालपासून वरपर्यंत सरळ उभं आहे की कललेलं? भिंतीचं कडं पुरतं जुळलंय की एका बाजूने फाटलंय? फाटलेल्या बाजूने कोरडी हवा आत शिरते आणि विस्तव मालवते. कललेलं असलं तर ऊब मधोमध साचतच नाही.

मी सहज म्हणालो, "लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, सेंटरला बसला नसेल तर तो थडथडतो. स्पीड वाढवता येत नाही, वाढवलं तर फेकून देतो. एकदा सेंटरला आला की मग वाढव किती वाढवायचं ते."

तू हातातला घास ताटात ठेवलास. "शिऱ्या, हे बरोबर आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मी ते घरी शोभाला सांगितलं, सुपरवायझरला सांगितलं, कँटीनवाल्यालाही सांगितलं. ही गोष्ट रघू जायच्या आधीची. रघू गेल्यावर ती उपमा मी पुन्हा कधी वापरली नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

रघूबद्दल आपण दोघं नीट असं कधी बोललोच नाही. आपला धाकटा, घरातला एकटाच असा, ज्याला ना मळ्यात करमायचं ना कारखान्यात. ट्रक घेतला. येवल्याकडचा कांदा भरून गुजरातेत न्यायचा, तिकडून मीठ भरून आणायचं. "कांदा नेतो, मीठ आणतो, आता मिरचीपुरती बायको बघा," असं आईला चिडवायचा. आईने एक मुलगी बघूनही ठेवली होती.

त्या जूनमध्ये समुद्रात वादळ होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मोबाइल फक्त बिल्डरांकडे. रघूने कांदा उतरवला आणि रस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून तुला कचेरीत फोन लावला. तुमचं बोलणं तूच नंतर सांगितलंस, एकदाच, अक्षरशः.

"ताई, वादळ हाय म्हणतात. मिठागरावर भरायला जाऊ का रिकामाच फिरू?"

तुझ्यासमोर उपग्रहाचं दुपारचं ताजं चित्र होतं. पांढरा गोळा. पसरट, वेडावाकडा, डोळ्याचा पत्ता नाही. तू म्हणालीस, "साधंच दिसतंय. जा, पण भरलं की लगेच निघ."

"तुझ्यासाठी काय आणू?"

"मीठच आण," तू म्हणालीस. तो हसला आणि फोन ठेवला.

रात्रभरात त्या गोळ्याला डोळा फुटला. सकाळच्या चित्रात तो स्वच्छ, गोल, काळाभोर होता. त्याच दिवशी समुद्र मिठागरावर चढला. ट्रक नंतर चिखलात सापडला. रघू नाही.

सांत्वनाला आलेली माणसं जे म्हणतात ते म्हणाली. कोणाला कळणार होतं? एका रात्रीत होतं का कधी असं? देवाची करणी. तू भिंतीशी बसली होतीस, कोणाकडे न बघता. आणि आई सगळ्यांसमोर उठून तुझ्याजवळ गेली, पाठीवर हात ठेवला, म्हणाली, "तिला जे दिसलं ते तिनं सांगितलं. आत लपलेलं तिला कसं दिसंल?"

त्या वाक्यावर आपलं घर उभं राहिलं, ताई. मी तर त्याच्यावर स्लॅब टाकून वरचा मजला चढवला. अक्षरशः. तू मुदतीआधी नोकरी सोडून नाशिकला आलीस तेव्हा वरची खोली तुझ्यासाठीच काढली. तिथे तू कॉम्प्युटर बसवलास. टेलिफोनच्या तारेतून तो किंचाळत इंटरनेटला जोडायचा, आणि तेवढा वेळ घरचा फोन मुका. शोभा जिन्यातून हाक मारायची, "ताई, माझ्या माहेरचा फोन यायचाय हो!" वरून उत्तर, "पाच मिनिटं, वादळ उतरवतेय." तुझी पाच मिनिटं म्हणजे शोभाच्या आईने नाद सोडून देण्याइतका वेळ.

मला वाटायचं, जगभरच्या वादळांचा नाद लागलाय. असू दे. मीही कधी वर येऊन बसायचो. तू दाखवायचीस, हे बघ, याचं कडं आक्रसत चाललंय, हे आता पेटणार. हे बघ, याच्याभोवती दुसरं मोठं कडं तयार झालं, आता बाहेरचं आतल्याचा घास पळवेल, हे दिवसभर मंदावेल. तू त्यांच्याविषयी अशी बोलायचीस जशी आई गल्लीतल्या सुनांविषयी बोलते. मी हसायचो. तू रघूचं वादळ शोधते आहेस, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग तो रविवार. जेवण झालेलं, शोभा लवंडलेली. तू जिन्यातून हाक मारलीस, "शिऱ्या, वर ये." एवढंच. पण त्या हाकेत काहीतरी होतं म्हणून मी विडा अर्धवट ठेवून आलो.

पडद्यावर चित्र वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने उतरत होतं. तू सांगितलंस की हा वेगळा उपग्रह. साधा उपग्रह ढगाची फक्त वरची चादर बघतो. हा चादरीच्या खाली बघतो, पाऊस कुठे कसा रचलाय ते. तेव्हाही तो वरून फिरत होता. त्याची चित्रं तेव्हा तुमच्या टेबलापर्यंत येत नव्हती. आता साठवलेली कोणालाही मिळतात.

पट्टे उतरत गेले. किनाऱ्याची रेघ आली. मग समुद्र. मग तांबडं, गोल, एखाद्या बांगडीसारखं कडं.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"त्याच दिवसाचं. मी त्याला जा म्हणाले, त्याच्या थोडं आधीचं."

"कडं जुळलेलं आहे?"

"जुळलेलं आहे. आणि सरळ उभं आहे. वर नुसती चादर होती, शिऱ्या. खाली सगळं तयार होतं."

मी जे बोलायचं तेच बोललो. "पण हे तुझ्याकडे नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग झालं तर."

"झालं कसं? तिथे होतं ना ते."

"तुला कसं कळणार होतं?"

"मला कळायला हवं होतं असं मी म्हणतच नाही. चूक माझी होती असंही म्हणत नाही." तू पडद्याकडेच बघत होतीस. "दिसत होतं, एवढंच म्हणते. कोणाला कळणार होतं असं सगळे म्हणतात ना, ते खरं नाही. दिसत होतं. मी बघू शकत नव्हते."

आणि मग म्हणालीस, "आईला सांगायचंय."

इथून आपलं भांडण सुरू झालं, ते तीन वर्षं पुरलं. मी म्हणायचो, काय मिळणार सांगून? ती म्हातारी एका वाक्यावर जगते आहे, ते काढून घेणार? तू म्हणायचीस, ते वाक्य तिने मला दिलंय आणि ते खोटं आहे. तिने मला माफ केलं ते दिसत नव्हतं म्हणून. दिसत होतं हे कळल्यावर करते का, ते मला बघायचंय. मी म्हणायचो, हा तुझा प्रयोग आईवर नको. तू म्हणायचीस, तू लेथवाला, तुला सगळं घट्ट आवळून ठेवायची सवय. मी एकदा रागाने म्हणालो, "आईला त्या चित्रात काय दिसणार? मरण दिसणार!" तेव्हा तू गप्प झालीस. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर तो विषय तू काढला नाहीस. मीही नाही. वर्षभर घर शांत होतं आणि त्या शांततेचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला देत होतो. आणि परवाच्या त्या दुपारी तू चहा टाकते म्हणालीस, मग म्हणालीस जरा पडते, आणि चहा काही कोणी टाकला नाही.

तू गेल्यापासून मला वरून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. भर दुपारी. शोभाला येत नाही, तिला विचारलं. टीव्हीवर बातम्यांत पांढरा गोळा दिसला की मी जेवायचा थांबतो आणि डोळे बारीक करून बघतो, चादरीखालचं काही दिसतं का. शोभा म्हणते, "अहो, तो बंगालच्या उपसागरात आहे. आमटी निवतेय." पण माझी नजर निघत नाही. माणसाच्या चेहऱ्याकडेही मी असाच बघायला लागलोय. वरून सगळं पसरट, साधं. आत काय जुळत चाललंय, कोणास ठाऊक.

तर कावळा. तो लगेच शिवला, आणि रामकुंडावरून येताना माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. घरी आलो. पाहुणे पांगल्यावर आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. काही झालं तरी आईला मेथी लागते. मी शेजारी बसलो. दोन-चार काड्या मीही निवडल्या, त्या तिने उचलून पुन्हा निवडल्या.

"आई," मी म्हणालो, "ताईने तुला काही सांगितलं होतं का? रघूच्या वादळाचं?"

आईचा हात थांबला नाही. "सांगितलं की."

"कधी?"

"मागल्या उन्हाळ्यात. कैऱ्या फोडत होतो आम्ही दोघी."

"मग?"

"मग काय. राग आला मला. लय राग आला. म्हणलं, एवढी शिकली तू, अन् माझ्या लेकराला जा म्हणली. बोललेच नाही तिच्याशी."

ताई, मला तो अबोला आठवला. मला चांगलाच आठवला, कारण तो मी मावशीच्या नातवाच्या लग्नात सांगितला होता. कैरीच्या फोडी लहान-मोठ्या झाल्या म्हणून आमच्या घरी मायलेकींचा अबोला, आणि मधल्यामध्ये मी पोस्टमन, "आईला सांग, मीठ दे", "तिला सांग, घे म्हणावं". आवाज काढून सांगितलं होतं मी. पंगत पोट धरून हसली. तू समोर बसली होतीस. तूही हसलीस. आपल्या घरात गोष्टी सांगणारा मी, आणि घरातली गोष्ट मलाच ठाऊक नाही.

"मग मिटलं कसं?" मी विचारलं.

"मिटलं नाय. कसं मिटंल?" आईने मेथीची जुडी झटकली. "मी वर गेले. गुडघे धरून धरून गेले. म्हणलं, दाव मला काय हाय ते. दावलं तिनं. ते गोल. म्हणलं, यात रघू कुठंय?"

मी हातातली काडी खाली ठेवली.

"तिनं हे कधी बघितलंच नव्हतं. नुसतं गोल बघत बसायची. मग नकाशा काढला, कुठून फोन केला होता त्यानं, मोजलं, अन् बोट ठेवलं. इथं, म्हणली. त्या गोलापासून लय लांब, जमिनीवर. म्हणलं, तिथं ढग हाय का? नाय म्हणली, अजून ढगसुद्धा नाय. म्हणलं, मग ऊन आसंल. आसंल म्हणली. म्हणलं, मग गाडी सावलीला लावून चहा पीत आसंल."

आईने पुढची काडी उचलली. "तेव्हा रडली ती. तोवर माझ्यापुढं कधी रडली नव्हती. मीबी बोट ठेवलं तिथं. तिच्या बोटाशेजारी."

मी तीन वर्षं आईला त्या चित्रापासून वाचवत होतो, ताई. आणि आईने वर जाऊन त्यात पहिल्यांदा जे बघितलं, ते तुला, एवढी वादळं कोळून प्यायलेलीला दिसलं नव्हतं, आणि मला तर बघायचंच नव्हतं. त्या चित्रात रघू जिवंत आहे. ते मिठागराच्या आधीचं आहे, फोनच्याही आधीचं. किनाऱ्यापासून आत, उन्हात, कांदा उतरवून तो हात झटकतोय.

"मला का नाही सांगितलं कोणी?" माझा आवाज जरा चढला असावा.

आई म्हणाली, "तू लय जपत होता आम्हाला. म्हणलं, जपू दे."

माझा तुझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. आईने माफ केलं का, हे मी तिला विचारलं नाही, आणि ती आपणहून बोलेल असं वाटत नाही. तुला ते कळलं होतं की नाही, हेही मला कधी कळणार नाही. मला एवढंच वाटतं, की तू मला त्या वेळी वर बोलवायला हवं होतंस. दोन बोटं मावली, तिथे तिसरं मावलं असतं.

दशक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून आई दुपारी जिना चढते. पायरीपायरीला बसत. तुझ्या खुर्चीत बसते आणि मला सांगते, "ते लाव." मी कॉम्प्युटर लावतो. इतपत मला येतं, बाकी माझ्या बोटांना तुझा उंदीर ऐकत नाही. आत तू शेकडो चित्रं ठेवली आहेस, आणि एकाही चित्राला तू नाव दिलेलं नाहीस, नुसते आकडे. मी एकेक उघडतो. वरून खाली पट्टे उतरत येतात. समुद्र, किनारा, कडं. मला सगळी कडी सारखीच दिसतात, ताई. कुठल्या देशाची, कुठल्या सालाची, कोणाकोणाच्या घरची.

आई चष्मा पुसून पुढे वाकते. गोलाकडे ती बघतच नाही, सरळ जमिनीकडे बघते.

"हे नव्हं," म्हणते. "पुढचं लाव."

मी पुढचं लावतो.